जुन्या मारुती व्हॅनचे मागचे दिवे: लाल एलईडी बल्बचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी 1996 सालची मारुती ओम्नी अजूनही रोजच्या कामात आहे. 1984 साली बाजारात आलेल्या आणि 2019 मध्ये उत्पादन थांबलेल्या या व्हॅनच्या 796 सीसी इंजिनाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मागच्या दिव्यांबद्दल मात्र होती, आणि ती माझ्या लक्षात येण्याआधी दुसऱ्यांच्या लक्षात आली होती. अंबिया बहाराची संत्री पोहोचवून रात्री वरुडकडे परतताना मोटारसायकलवर मागून येत असलेल्या मेव्हण्याने घरी आल्यावर विचारले, "भाऊजी, गाडीच्या मागं उदबत्ती लावली होती का?"

सुरुवातीला मी ऑनलाइन मागवलेले पांढरे एलईडी बल्ब बसवले. ही माझी चूकच होती. लाल काच पांढऱ्या प्रकाशातला लाल भाग तेवढा पुढे सोडते आणि बाकीचा अडवते, त्यामुळे बल्ब हातात घेतल्यावर डोळे दिपवणारा असला तरी काचेमागे तो फिकट, गुलाबीसर दिसत होता. त्याहून गंभीर बाब अशी की साधा टेललाइट आणि ब्रेकलाइट यांच्या उजेडात फारसा फरकच उरला नव्हता, म्हणजे मी ब्रेक दाबला आहे की नाही हे मागच्या चालकाला कळण्याची सोयच नव्हती. ते बल्ब आता गोठ्याजवळच्या कपाटात पडून आहेत.

नंतर 240 रुपयांना लाल एलईडीची जोडी घेतली. खाली दोन ठिपके आणि बाजूला वरखाली दोन पिना असलेल्या 21/5 वॅटच्या डबल फिलामेंट (एक तार ब्रेकसाठी, एक टेललाइटसाठी) बल्बच्या जागी ती थेट बसते. तरीही उजवा दिवा मंदच राहिला, म्हणून गाडी गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने होल्डर बाहेर काढला तेव्हा पितळेवर हिरवट कळक चढलेला होता आणि अर्थिंगचा, म्हणजे बल्बचा करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा, स्क्रू पत्र्याच्या गंजात रुतून बसला होता. बॅटरीवर 12.5 व्होल्ट असताना होल्डरवर जेमतेम 10.5 भरत होते. "बल्ब बदलून काय होते भाऊ, अर्थिंगच गंजानं खाल्ली," एवढे बोलून त्याने पत्रा पॉलिश पेपरने घासला, बॅटरीच्या निगेटिव्हपासून नवी वायर ओढली आणि सांध्यावर ग्रीस लावले.

फिलामेंट बल्बचे व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरले तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो, आणि इथे तर दोन व्होल्ट वाटेतच जिरत होते. म्हणजे वर्षानुवर्षे आम्ही जवळजवळ निम्म्या उजेडावर गाडी चालवत होतो. खात्रीसाठी त्याच होल्डरमध्ये जुना साधा बल्ब लावून पाहिला, तर तोही लख्ख पेटला. त्यामुळे एलईडीच्या खोक्यावर जे काही छापलेले असते, त्यातले अर्धे श्रेय मी त्या वायरीला देईन.

मग एलईडीचा फायदा काय? तो ब्रेकलाइटमध्ये आहे. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, तर एलईडी लगेच पेटतो. ताशी 60 किलोमीटर वेगात मागून येणाऱ्याला एवढ्याने तीन मीटरहून अधिक अंतर मिळते. उणीव अशी की या गाडीच्या दिव्यातला, बल्बचा उजेड बाहेर फेकणारा परावर्तक फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असल्यामुळे तिरके उभे राहून पाहिल्यास एलईडीचा उजेड काहीसा कमी वाटतो. इंडिकेटरला मात्र मी एलईडी लावलेले नाहीत, कारण भार कमी झाला की इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर, एखादा बल्ब उडाला असावा तसा, भराभर टकटकू लागतो.

शेवटी मागच्या दाराच्या खालच्या कडेला लाल परावर्तक पट्टी चिकटवली. बॅटरी बसून गाडी रस्त्याच्या कडेला अंधारात उभी राहिली तर बल्ब कितीही महाग असला तरी निरुपयोगी ठरतो. मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात ही पट्टी तेवढी चमकते. कापूस भरलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या रात्री अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, त्या पाहिल्यापासून मला ही पट्टी बल्बपेक्षाही आवश्यक वाटते. पत्रा आधी रॉकेलच्या फडक्याने आणि नंतर साबणाने धुऊन पूर्ण कोरडा केला नाही, तर तिचे कोपरे महिनाभरात सुटतात. माझा एक कोपरा सुटलाच.

आठ महिन्यांत दोन्ही एलईडी व्यवस्थित आहेत. उजव्या काचेचे रबर जुने असल्याने एका पावसात आत पाणी साचले होते. ते रबर वरुडमध्ये अजून मिळालेले नाही.