तेलातले ब्रेक आणि ड्युअल क्लच: काही महिने राबवल्यानंतर

नांगरणी, रोटाव्हेटर आणि भरलेली ट्रॉली, या तिन्ही कामांत ट्रॅक्टरचे तेलात बुडालेले ब्रेक आणि ड्युअल क्लच (एकाच पेडलवर दोन टप्पे: आधी ट्रॅक्टरची चाल, मग पीटीओ म्हणजे अवजार फिरवणारा शाफ्ट सुटतो) चांगले टिकतात. चिखलात चाक रुतलं तरी पाणी-माती ब्रेकच्या प्लेटपर्यंत जात नाही, हा सुक्या ब्रेकपेक्षा मोठा फायदा. मात्र तेल आणि पेडलची मोकळी चाल (काम सुरू होण्याआधी पेडल सैल दबतं तेवढं अंतर), या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झालं की तक्रारी सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टर न उघडता सुटतात.

पहिली तक्रार आवाजाची. हळू वेगात ब्रेक दाबला की मागून घरघर येते आणि सीटखाली थरथर जाणवते. अशा वेळी आधी तेल तपासा. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ब्रेक यांना एकच तेल असेल तर ते ओल्या ब्रेकसाठीचंच हवं. साधं गिअर ऑइल भरलं की प्लेट नीट पकडत नाहीत, अडखळत घासतात. बदलताना तेल कोमट असतानाच सोडा आणि अॅक्सल हाउसिंगला वेगळे ड्रेन प्लग असतील तर तेही उघडा, नाहीतर जुनं तेल आतच राहतं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय: ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं तोंड) आणि गिअर लिव्हरचं रबर बघा. चुंबकी प्लगवरचा राखाडी, मऊ लगदा ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या आल्या तर मात्र ट्रॅक्टर कामाला लावू नका.

दुसरी तक्रार, ब्रेक एका बाजूला ओढतो. रस्त्यावर हा प्रकार जीवघेणा आहे, ट्रॉली असेल तर जास्तच. सपाट जागी पुढची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावा, पुढचा अॅक्सल डुलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, मागची चाकं जॅकने उचला आणि अॅक्सलखाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. गिअर न्यूट्रल, डावं-उजवं ब्रेक पेडल जोडणारी पट्टी सोडलेली. दोन्ही पेडलची मोकळी चाल मोजपट्टीने मोजा, चेकनट (रॉड जागेवर धरणारा नट) ढिला करून रॉड फिरवा आणि मॅन्युअलमधल्या मापावर दोन्ही सारख्या आणा. मग पेडल सारखंच दाबून एकेक चाक हाताने फिरवून बघा. तरीही ओढत असेल तर कमजोर बाजू आवळू नका, जास्त पकडणारी थोडी ढिली करा. आवळलेला ब्रेक सतत घासतो. थोडं अंतर चालवून दोन्ही हाउसिंगना हात जवळ नेला की कोणती बाजू तापली ते लगेच कळतं.

क्लचचं दुखणं दोन तऱ्हेचं. इंजिनाचे फेरे वाढतात पण नांगर पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच सरकतोय. पेडल पूर्ण दाबूनही गिअर किरकिरतात, म्हणजे तो पुरता सुटत नाही. दोन्हींत आधी मोकळी चाल मोजा. चाल उरलीच नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) सतत फिंगरवर, म्हणजे क्लचच्या छोट्या दांड्यांवर टेकतं आणि प्लेट सरकते; चाल फार असेल तर गिअर किरकिरतात. अर्धं पेडल दाबल्यावर ट्रॅक्टर थांबतो आणि पूर्ण दाबूनही रोटाव्हेटर फिरतच राहतो, तेव्हा दोष पीटीओच्या टप्प्यात असतो. फिंगरची उंची बघण्याचं हे काम गॅरेजचं. पेडल दाबल्यावरच येणारी शिट्टी बहुतेक रिलीज बेअरिंगची.

चाल बरोबर असूनही क्लच सरकत असेल तर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाचं छिद्र बघा. त्यातली कॉटर पिन चिखलाने बुजलेली असते, ती हलवून मोकळी करा. तेल टपकलं तर बोटावर चोळा: काळं, पातळ आणि जळका वास असलेलं इंजिनाचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलंय; फिकट आणि गुळगुळीत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका, लायनरमध्ये मुरलेलं तेल तापलं की परत बाहेर येतं. सील आणि प्लेट एकदमच बदला, आणि ट्रॅक्टर उघडलाच आहे तर रिलीज व पायलट बेअरिंगही नवं टाका.