जुन्या कॉम्प्युटरला रॅम वाढवताय? कॅबिनेट दुकानात सोडून येऊ नका, बाबांना कसं फसवलं ते वाचा

घरचा जुना कॉम्प्युटर स्लो झालाय, नवीन घेण्यापेक्षा रॅम वाढवून घेऊ असं ज्यांच्याकडे चाललंय त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज. डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम आता नवीन मशीनमध्ये येत नाही, त्यामुळे दुकानात जो माल फिरतो त्यातला बराचसा ऑफिसांच्या भंगारातून निघालेला असतो. सेकंडहँड म्हणून सांगून, टेस्ट करून, स्वस्तात विकत असतील तर त्यात काही वाईट नाही, मी पण घेईन. पण तोच माल वर नवीन स्टिकर चिकटवून नवा म्हणून विकतात आणि वर तुमची चांगली रॅम काढून घेतात, हे आमच्याकडे झालंय.

बाबांचं मशीन असेंबल्ड आहे. एच६१ चिपसेटचा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), आय३-२१२० प्रोसेसर, रॅमचे दोनच स्लॉट. त्यातल्या एका स्लॉटमध्ये चांगल्या कंपनीची ४ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी होती, ती मीच घेऊन दिलेली आणि तिचं पक्कं बिल अजून फाईलला आहे. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, मेंटेनन्सचा हिशोब, नोटिसा, मिनिट्स सगळं त्याच मशीनवर. क्रोममध्ये चार टॅब उघडले की माऊससुद्धा अडकायला लागला म्हणून ते घराजवळच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, काका ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा.

संध्याकाळी त्याने सांगितलं की जुनी आणि नवी रॅम मिक्स केली की बोर्ड उडतो, म्हणून दोन्ही स्टिक एकाच कंपनीच्या टाकल्यात, ४ अधिक ४, १६०० मेगाहर्ट्झ, एकदम नवीन, तीन वर्षं वॉरंटी, आणि तुमची जुनी बायबॅकमध्ये घेतली. एकूण २६०० रुपये. बिल म्हणजे वहीचं अर्धं पान, त्यावर "रॅम ८ जीबी - २६००" एवढंच, ना शिक्का ना नंबर. विंडोजमध्ये ८ जीबी दिसत होतं, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

दोन आठवड्यांत निळी स्क्रीन यायला लागली, मेमरी मॅनेजमेंट म्हणून. कधी चालू करताना नुसत्या बीप वाजायच्या आणि डिस्प्लेच नाही. बाबांनी परत नेलं तर त्याने रॅमच्या पिना खोडरबरने घासून दिल्या, परत तेच झालं, आणि मग म्हणाला काका बोर्ड गेलाय, जुना आहे ना, दुसरा टाकून देतो साडेतीन हजारात. म्हणजे खराब रॅम यानेच घातली आणि त्या खराब रॅमच्या नावावर बोर्डही यालाच विकायचा होता. सत्तरीतल्या माणसाला, जो "अहो बघा ना जरा" म्हणून विश्वासाने येतो, त्याला हे करायचं. मला अजून राग येतो.

मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा कॅबिनेट उघडलं. दोन्ही स्टिकवर चकचकीत स्टिकर, पण एकाचा कोपरा जरा जाड वाटला. नखाने हळूच उचलला तर खाली दुसरं स्टिकर, अर्धवट खरवडलेलं, त्यावर पीसी३-१०६०० स्पष्ट वाचता येत होतं. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ मेगाहर्ट्झ, १६०० ची असेल तर पीसी३-१२८०० असतं. बाजूला एका ऑफिसच्या असेट टॅगचा (ऑफिसच्या सामानावर लावतात त्या नंबराच्या स्टिकरचा) तुकडाही तसाच चिकटलेला होता. सोन्यासारख्या पिनांवर आडवे ओरखडे, म्हणजे कितीतरी वेळा काढली-घातलेली.

मग सीपीयू-झेड टाकलं. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एसपीडी नावाचा टॅब असतो, तिथे रॅमच्या आतल्या छोट्या चिपमध्ये भरलेली माहिती दिसते, कंपनी, पार्ट नंबर, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. आमच्या दोन "एकाच कंपनीच्या" स्टिक दोन वेगळ्या कंपन्यांच्या निघाल्या आणि वर्ष २०११. स्टिकर बदलणारे लोक ही आतली माहिती बदलायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, त्यामुळे हा टॅब नक्की बघा. एक मात्र सांगून ठेवतो, तिथे १३३३ च्या रॅमला ६६५ किंवा ६६७ असा आकडा दिसतो, त्याला घाबरू नका, डीडीआरमध्ये एका क्लॉकला दोनदा डेटा जातो म्हणून तो निम्मा दिसतो, ती फसवणूक नाही.

आणि १६०० चं म्हणाल तर आय३-२१२० हा प्रोसेसर १३३३ च्या वर रॅम चालवतच नाही, १६०० ची घातली तरी ती १३३३ वरच चालणार. मिक्स केल्यावर बोर्ड उडतो हेही खोटं आहे. एकाच प्रकारच्या, सारख्या व्होल्टेजच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक साधारणपणे एकत्र चालतात, जी स्लो असेल तिच्या स्पीडने. क्वचित जमत नाही, पण बोर्ड उडत नाही. आमची जुनी ४ जीबी ठेवून फक्त एक ४ जीबी घातली असती तरी काम झालं असतं.

बोर्ड गेलाय का हे बघायला पेनड्राइव्हवर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर घेतलं. पद्धत सोपी आहे, एका वेळी एकच स्टिक ठेवायची, टेस्ट पूर्ण होऊ द्यायची, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक तशीच. एरर स्लॉटबरोबर राहिली तर बोर्डावर संशय, स्टिकबरोबर फिरली तर रॅम खराब. आमची एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये लाल ओळींचा पाऊस पाडत होती, दुसरी दोन्हीकडे स्वच्छ. बोर्ड ठणठणीत होता. एवढी टेस्ट कोणी बोर्ड विकायच्या आधी करत नसेल तर त्याच्याकडून बोर्ड घेऊच नका.

हे सगळे फोटो घेऊन दुकानात गेलो. आधी म्हणाला भाऊ माल बघून घेतला ना काकांनी, मग म्हणाला एकदा विकलेला माल परत नाही. शांतपणे सांगितलं की दादा, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुना माल नवा म्हणून विकणं, बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं, तिन्ही अनुचित व्यापारी प्रथेत येतात, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर परत घ्यायला तीस दिवस धरतात. आम्ही तीस दिवसांच्या आत होतो. पैसे बाबांनी यूपीआयने दिले होते, त्यामुळे तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यात गेले सगळं मोबाईलमध्ये होतं. कॅश दिली असती तर तो ओळखसुद्धा दाखवत नव्हता. त्याच्यासमोरच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रार नोंदवून नंबर घेतला. तेव्हा कुठे २६०० परत आले. आमची जुनी स्टिक मात्र "विकली गेली" म्हणाला.

या निमित्ताने बाजारात अजून काय काय चालतं तेही कळलं. सर्व्हरची रॅम डेस्कटॉपची म्हणून खपवतात, पिना तेवढ्याच २४० आणि खाचही त्याच जागी, त्यामुळे स्लॉटमध्ये बसते पण मशीन चालू होत नाही. ओळखायची खूण म्हणजे लेबलवर पीसी३-१०६०० च्या पुढे यू ऐवजी आर असतं, एका बाजूला आठच्या जागी नऊ चिप दिसतात आणि मधोमध एक वेगळी चिप असते. चिप झाकणारं रंगीत धातूचं कव्हर असेल तर जास्तच सांभाळून. दुसरी म्हणजे फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणारी रॅम, ऑनलाइन ती खूप स्वस्त दिसते, त्यात प्रत्येक चिप चार बिटची असते आणि इंटेलचे घरगुती बोर्ड ती घेत नाहीत. लिस्टिंगमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किंवा नसतंच.

ज्यांचा बोर्ड जुन्या जी४१ चिपसेटचा आहे त्यांनी तर फार बघून घ्या. त्या बोर्डला ४ जीबीची एकच स्टिक घालायची तर सोळा चिपवाली, दोन्ही बाजूंना आठ-आठ, लेबलवर २आरएक्स८ लिहिलेली लागते. नंतर आलेली एका बाजूला आठच चिप असलेली ४ जीबी त्यावर नीट चालत नाही, मग दुकानदार तिथेही बोर्डावर ढकलतो. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ८ जीबी घालून काही उपयोग नाही, ४ च्या आतच वापरली जाते, पण हे तुम्हाला विकणारा सांगणार नाही.

खरं तर पैसे खर्च करायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून बघा, मेमरी भरलीय की डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलीय. बाबांच्या मशीनमध्ये दोन्ही होतं. आता एक टेस्ट केलेली सेकंडहँड ८ जीबी घातली, विकणाऱ्याने सेकंडहँड असं बिलावर लिहून दिली, आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी टाकली, जास्त फरक एसएसडीनेच पडला.

कॅबिनेट दुरुस्तीला द्यावंच लागलं तर आधी उघडून रॅम, हार्डडिस्क आणि बोर्डच्या स्टिकरचे फोटो काढा, सिरियल नंबर वाचता येईल असे, आणि शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या, रॅम बदलायला पाच मिनिटं लागतात, संध्याकाळपर्यंत ठेवायची गरजच नसते. आमच्याकडे जुन्या स्टिकचं बिल होतं, त्यावर सिरियल नंबर आहे, तो आता तक्रारीत जोडलाय. स्टिक किंवा तिची किंमत मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. बाबा म्हणतात जाऊ दे, एका रॅमसाठी कशाला. मी कागद तयार ठेवलेत.