साधी माणसं : कोल्हापूरच्या मातीतला सिनेमा, घरच्यांबरोबर बघा

1948 च्या जाळपोळीनंतर कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ पुन्हा उभा करणाऱ्या भालजी पेंढारकरांचा हा 1965 चा कृष्णधवल चित्रपट. गाव सोडून शहरात आलेलं लोहार जोडपं : सूर्यकांत आणि जयश्री गडकर. त्यांची एकमेकांवरची माया कष्टांतून दिसते, म्हणून ती खरी वाटते. ऐरणीचं गाणं तर काळजाला भिडतं. खेबुडकरांचे शब्द, चाल आनंदघन म्हणजे लतादीदींची, आणि ठेक्यात घणाचा घाव. मोबाईलच्या स्पीकरवर तो घाव पत्र्यासारखा वाजतो, हेडफोन लावा. चित्र रुंद टीव्हीवर ताणू नका, चेहरे पसरट होतात. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. शहरातला भाग थोडा रेंगाळतो. जयश्रीबाईंचे डोळे मात्र अजिबात चुकवू नका.