फुकटच्या टूल्सवर निश आणि कीवर्ड निवडणं: काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. कमाईसाठी साइट काढणाऱ्या नवशिक्याला निश (साइटचा नेमका, छोटा विषय) आणि कीवर्ड (लोक गुगलमध्ये टाकतात ते शब्द) ठरवायला पैसे भरून टूल घ्यायची गरज नाही. गुगलचा कीवर्ड प्लॅनर, ट्रेंड्स (शब्दाचा शोध काळानुसार कसा वाढला-घटला ते दाखवणारं), सर्च कन्सोल (आपली साइट गुगलवर कोणत्या शब्दांवर दिसते ते सांगणारं) आणि खुद्द सर्चच्या निकालांचं पान, एवढ्यावर काम भागतं. मी गेले काही महिने यावरच आहे, मधे एका पेड टूलचं सबस्क्रिप्शनही घेऊन पाहिलं. फक्त एक लक्षात घ्या: यातलं कुठलंच टूल ‘हा निश घे’ असं सांगत नाही. नको ते गाळायला मात्र ती फार उपयोगी पडतात.

माझा विषय हौशी आकाशनिरीक्षण, त्यातही आयुष्यातला पहिला टेलिस्कोप घेणारी माणसं. यादीत आधी बरंच काही होतं. वजन कमी करणं, कर्ज, विमा हे तर प्रत्येक ‘फायदेशीर निश’च्या यादीत असतंच. ते पहिल्याच दिवशी काढलं. आरोग्य आणि पैसा या विषयांत कुणी लिहिलंय, त्याचा अधिकार काय, हे गुगल जास्त कडकपणे बघतं. त्यांच्या क्वालिटी रेटर्सच्या (निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांच्या) मार्गदर्शिकेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच मार्गदर्शिकेत डिसेंबर 2022 मध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकषही आला. म्हणजे डिग्री नसलेल्या पण वस्तू हाताळलेल्या माणसाला जागा आहे, पण ती छंद, अवजारं, उपकरणं अशा विषयांत. मधुमेहावर लिहायला माझ्यासारखीने बसूच नये.

आता कीवर्ड प्लॅनर. गुगल अ‍ॅड्सचं खातं उघडलं की मिळतो. एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो (सर्च व्हॉल्यूम) ते तो सांगतो, पण जाहिरातीवर खर्च करत नसाल तर आकडा नेमका न देता ‘100 ते 1 हजार’, ‘1 हजार ते 10 हजार’ असे पट्टे दाखवतो. यावर सगळे वैतागतात. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण नव्या साइटला 150 आणि 900 यातल्या फरकाचा उपयोग तसाही नसतो. खरी गफलत होते ती ‘स्पर्धा’ या रकान्यात. ‘कमी’ दिसलं की लोक खूश होतात, पण ती स्पर्धा जाहिरातदारांची आहे. त्या शब्दावर जाहिराती कमी लागतात, एवढाच तिचा अर्थ. रँक होणं, म्हणजे निकालांत वर येणं, सोपं की अवघड, याच्याशी तिचा संबंध नाही.

मी सगळ्यात जास्त बघते तो पानाच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार लावतात त्या बोलीचा रकाना. कमाल आणि किमान असे दोन आकडे असतात. ‘चंद्र आज किती वाजता उगवेल’ हे शोधणारे भरपूर, पण तिथे बोली लावायला कुणी येत नाही. ‘टेलिस्कोपसाठी आयपीस’ (डोळा लावायचं भिंग) शोधणारे थोडे, तरी जाहिरातदार पैसे मोजतायत. कुणीतरी खिशात हात घालतंय, याचा हा फुकटात मिळणारा पुरावा. माझ्या लेखी निश फायदेशीर आहे की नाही याचं उत्तर सर्च व्हॉल्यूमपेक्षा या रकान्यात जास्त आहे.

आणखी एक सोय लोक वापरतच नाहीत. शब्द टाकण्याऐवजी एखाद्या वेबसाइटचा किंवा नुसत्या एका पानाचा पत्ता टाकता येतो. आपल्या विषयातलं चांगलं चालणारं पान टाका, प्लॅनर त्यावरून शब्द काढून देतो. स्वतःच्या डोक्यातून सुचणारे शब्द पाचपंचवीसच असतात, इथे ते बाहेरून येतात. फक्त वरचं ठिकाण आणि भाषा तपासून घ्या, नाहीतर भलत्याच देशाचे आकडे बघत बसाल. आणि एकवचन, अनेकवचन किंवा स्पेलिंगचे जवळचे प्रकार तो एकत्र मोजतो, त्यामुळे दोन शब्दांसमोर तोच आकडा दिसला तर तो योगायोग समजू नका.

ट्रेंड्सबद्दल थोडक्यात. त्यातला 100 म्हणजे शंभर सर्च नव्हेत. निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच बिंदू म्हणजे 100, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. 2004 पासूनची माहिती मिळते. ‘ग्रहणाचा चष्मा’ हा शब्द इंग्रजीत टाकून अमेरिकेचा आलेख बघा: ऑगस्ट 2017 आणि एप्रिल 2024 असे दोन मोठे सुळके आणि मधे जवळपास सपाट मैदान. असल्या शब्दावर साइट उभी करायची नसते. एवढं कळलं की ट्रेंड्सचं काम झालं.

खरा वेळ जातो, आणि जायलाच हवा, तो निकालांच्या पानावर. प्रायव्हेट विंडो उघडायची, शब्द टाकायचा आणि पहिल्या दहात कोण बसलंय ते नीट बघायचं. सगळी दुकानांची पानं असतील तर शोधणाऱ्याला वाचायचं नाहीये, विकत घ्यायचंय. तिथे लेख लिहून उपयोग नाही. उत्तर वरच्या चौकटीतच एका ओळीत मिळत असेल तर खाली कुणी येणार नाही, आणि एआयने दिलेली उत्तरं वर दिसायला लागल्यापासून असे शब्द वाढतच चाललेत. उलट रेडिट, क्वोरा, एखादी जुनी चर्चा, अर्धवट व्हिडिओ असं विस्कळीत काहीतरी वर असेल तर तिथे थांबायचं. प्रश्न आहे, पण धड उत्तर कुणी दिलेलं नाही.

मला असा सापडलेला शब्द म्हणजे ‘525 एक्स टेलिस्कोप’. स्वस्त टेलिस्कोपच्या खोक्यावर हा आकडा ठळक छापलेला असतो. तो येतो कुठून? 700 मिमी फोकल लांबी भागिले 4 मिमीचा आयपीस, म्हणजे 175, आणि त्याला 3 एक्स बार्लो (प्रतिमा तिप्पट मोठी करणारं जोडभिंग) लावला की 525. गणित बरोबर, पण उपयोग शून्य. 70 मिमी व्यासाच्या भिंगातून साधारण 140 पटीपर्यंतच धड दिसतं, दर मिलिमीटरला दोन पट असा ढोबळ हिशेब आहे. त्यापुढे शनी म्हणजे नुसता फिकट, थरथरता ठिपका. माणूस टेलिस्कोप घरी आणतो, सगळ्यात ताकदवान जोडणी लावतो, काहीच दिसत नाही आणि मग तो गुगलवर येतो. हा वाचक चिडलेला असतो, त्याला उत्तर हवं असतं, आणि बहुतेक वेळा त्याला एक बरा आयपीस लागणार असतो. प्लॅनरमध्ये या शब्दासमोर आकड्याच्या जागी नुसती रेघ होती.

सोबत तुलनेसाठी मी ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम टेलिस्कोप’ हेही पान लिहिलं होतं. त्याचा पट्टा मोठा, बोली तगडी. सर्च कन्सोलमध्ये ते अजून कुठेतरी सहाव्या-सातव्या पानावर रेंगाळतंय. ‘525 एक्स’चं पान मात्र मी कधी मनातही न आणलेल्या प्रश्नांवर दिसायला लागलं: ‘बार्लो काढून टाकू का’, ‘चंद्र दिसतो पण गुरू दिसत नाही’, ‘कोणता आयपीस आधी लावायचा’. रोजच्या सर्चपैकी सुमारे 15 टक्के आधी कधीच न झालेले असतात, असं गुगल स्वतः सांगतं. असे शब्द कुठल्या टूलच्या यादीत येणार?

म्हणून या सगळ्यात माझा पहिला नंबर सर्च कन्सोलला. अडचण एकच, साइटवर काहीतरी असल्याशिवाय ते मुकं असतं. दहा-बारा पानं टाका, मग बघा. सरासरी स्थान 8 ते 20 च्या मधे आणि इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलं ते) बऱ्यापैकी, असे प्रश्न गाळून काढा. त्या पानावर त्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे का ते तपासा. नसेल तर तो मुद्दा तिथेच घाला, किंवा वेगळं पान करा. माझे नवे कीवर्ड आता जवळपास सगळे इथूनच येतात. मर्यादाही आहेत. 16 महिन्यांपेक्षा मागचं दिसत नाही, एका तक्त्यात हजारच ओळी मिळतात, आणि फार थोड्या लोकांनी विचारलेले प्रश्न गोपनीयतेसाठी लपवले जातात, त्यामुळे क्लिकची बेरीज कधी जुळत नाही. त्यावर डोकं खपवू नका.

पैशाच्या बाजूने एक गोष्ट निश निवडतानाच बघायला हवी, ती म्हणजे अ‍ॅफिलिएट प्रोग्रामचे (आपल्या लिंकवरून विक्री झाली की कमिशन देणाऱ्या योजनांचे) नियम. अ‍ॅमेझॉनच्या प्रोग्राममध्ये वाचकाने लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण 24 तासांत वस्तू घेतली, किंवा कार्टमध्ये टाकून नंतर घेतली, तर कमिशन मिळतं, आणि नव्या खात्यावर 180 दिवसांत किमान 3 विक्री व्हाव्या लागतात. टेलिस्कोपसारखी महाग वस्तू माणूस महिनाभर विचार करून घेतो. तोवर तुमची कुकी, म्हणजे तो तुमच्या लिंकवरून आला ही नोंद, संपलेली असते. आयपीस, मून फिल्टर, फोन अडकवायचा अडॅप्टर या वस्तू तो वाचता वाचता मागवतो. कमिशन कमी असलं तरी ते मिळतं तरी. महागडी वस्तू म्हणजे फायदेशीर निश, हे समीकरण नवशिक्यांच्या डोक्यात कुणी घातलंय कोण जाणे.

पेड टूलविषयी. त्यातलं ‘कीवर्ड डिफिकल्टी’ हे हिरवं-लाल वर्तुळ मोठं दिलासा देणारं दिसतं, पण अशा गुणांचा मुख्य आधार पहिल्या दहा पानांना किती बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सनी दिलेल्या लिंक) आहेत हा असतो. पान भंगार आहे की उत्तम, हे त्याला कळत नाही. एकच शब्द एका टूलमध्ये ‘सोपा’ आणि दुसऱ्याच्या ट्रायलमध्ये ‘अवघड’ दिसला, तेव्हा मी तो रकानाच बंद केला. शीर्षकात शब्द असलेली पानं मोजून त्याला सर्च व्हॉल्यूमने भागायची ‘गोल्डन रेशो’ युक्तीही करून पाहिली. पण गुगल निकालांची जी संख्या दाखवतं तीच मुळात अंदाजे, आणि व्हॉल्यूमही अंदाजे. अंदाजाला अंदाजाने भागून दशांशात उत्तर काढण्यात मला राम वाटला नाही.

पेड टूल मी पुन्हा घेईन ते एकाच कामासाठी: मोठ्या स्पर्धक साइटची कोणती पानं कोणत्या शब्दांवर दिसतात, ती सगळी यादी एकदम बघायला. त्याला एक महिना पुरतो. यादी डाउनलोड करायची आणि सबस्क्रिप्शन त्याच दिवशी रद्द करून ठेवायचं, कारण ऑटो-रिन्यूचं बटण शोधायला मला टूल शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.