स्टीमपंकच्या शिवणातून उरलेलं कापड: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं. आता नऊ महिने झालेत, म्हणजे काय खरंच टिकलं आणि काय नुसतं हौसेपुरतं होतं ते नीट सांगता येईल, म्हणून आज बसलेच.

आम्ही इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहतो. इथून जवळच लिंकनला ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, स्टीमपंकचा मोठा फेस्टिव्हल भरतो, 2009 साली सुरू झाला तो. गेल्या वेळी आम्ही तिघं पहिल्यांदा स्वतः शिवलेले कपडे घालून गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टीमपंक म्हणजे व्हिक्टोरियन काळातला पेहराव आणि त्यात वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातल्या माणसाला भविष्य कसं दिसलं असतं ती कल्पना, म्हणजे पितळी चाकं, गॉगल, कातडी पट्टे, घड्याळाच्या साखळ्या वगैरे. नवऱ्याला ब्रोकेडचा वेस्टकोट, मला कॉर्सेट (कमर आवळून बांधायची ती कडक चोळी) आणि मागून फुगवलेला टॅफेटाचा, म्हणजे चमकदार कडकसर कापडाचा, स्कर्ट, लेकीला मेल्टन लोकरीचा आखूड कोट. शिवून झाल्यावर जे उरलं ते स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं तर साडेतीन किलो भरलं! पाच मीटर टॅफेटा, शिवाय मखमल, रेक्झिन, कॉर्सेटसाठीचं कुटिल नावाचं जाड कापड, अस्तर, आणि यातलं एकही कापड स्वस्त नाही.

एवढं उरतं कसं असं मला आधी वाटायचं, पण या कपड्यांचं कटिंगच तसं आहे. कॉर्सेटचा प्रत्येक तुकडा वळणाचा, ब्रोकेडवर डाव्या-उजव्या बाजूची नक्षी जुळवायची म्हणजे मध्ये मोठ्या फटी सुटतात, आणि मखमलीची लव एकाच दिशेला असते त्यामुळे पॅटर्न उलटा ठेवून जागा वाचवता येत नाही, उलटा ठेवला की तो भाग वेगळ्याच रंगाचा दिसतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. उरलेल्या कापडाचं काय करायचं ते त्याच संध्याकाळी ठरवायचं, कटिंगच्या टेबलावरून उठायच्या आधी. मी सुरुवातीला सगळं एका मोठ्या पिशवीत कोंबलं आणि नोव्हेंबरात उघडलं तर कुठल्या तुकड्याचा उभा धागा कुठला हेच कळेना, कारण काठ मी कापून टाकले होते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, काठ कशाला कापलास? काठ राहू द्यायचा, त्यावरनं तर कळतं कापड कसं उभं राहणार ते." आई सोलापूरची, आयुष्यभर घरच्या गोधड्या शिवल्यात तिने, चिंधी हातात घेतली की दोन बाजूंनी ओढून बघते आणि मगच कुठल्या ढिगात टाकायची ते ठरवते. मीही आता तेच करते. रंगाप्रमाणे किंवा लहान-मोठं असं लावत नाही, तुकडा ताणून बघते, बिलकुल ताणत नसेल तो एका डब्यात, थोडा ताणतो तो दुसऱ्यात, आणि कडेने भसाभस धागे सुटतात तो तिसऱ्यात. वर कागदाची चिठ्ठी टाचते, कापड कुठलं आणि इस्त्री किती गरम चालते. ही चिठ्ठी फार गरजेची आहे, एकदा पॉलिएस्टरचं अस्तर सुती समजून इस्त्रीखाली घेतलं आणि ते वितळून पट्टी दुमडायच्या त्या छोट्या यंत्राच्या तोंडाला चिकटून बसलं, साफ करताना बोट भाजलं ते वेगळंच. आता शंका असली की दोन धागे काढून चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघते. सुती कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो.

सगळ्यात जास्त काय वापरलं गेलं तर उरेब पट्ट्या, म्हणजे कडा झाकायला तिरक्या कापलेल्या पट्ट्या, त्यात काही वादच नाही. टॅफेटा आणि पातळ सुती अस्तराचे जे चौकोनी तुकडे निघाले त्यांची मी सलग उरेब पट्टी काढते. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापायचा, दोन त्रिकोण परत जोडून तिरका चौकोन करायचा, पट्टीच्या रुंदीच्या रेघा मारायच्या आणि एक रेघ सरकवून त्याची नळी शिवायची, मग गोल गोल कापत जायचं, एकच लांब पट्टी निघते. हिशोब सोपा आहे, चौकोनाच्या बाजूचा वर्ग करून पट्टीच्या रुंदीने भागायचं. 30 सेंटीमीटरच्या तुकड्यातून 4 सेंटीमीटर रुंदीची साधारण सव्वादोन मीटर पट्टी होते, शिवणीत थोडी जाते ती धरून दोन मीटर तरी हातात येते. वेस्टकोटचे हातभोक, स्कर्टचा घेर, कोटाच्या आतल्या शिवणी, सगळीकडे तीच. दुकानात मिळणारी तयार पट्टी अशी कापडाला जुळत नाही आणि कडक असते. पट्टी दुमडायचं यंत्र मी 18 मिलिमीटरचं घेतलं, त्याला साडेतीन सेंटीमीटर रुंद पट्टी लागते, नऊ महिने जवळजवळ रोज वापरूनही ते उत्तम आहे. फक्त धातूचं असल्याने तापतं, आणि ब्रोकेडसारखं जाड कापड त्यात अडकतं, ते हातानेच दुमडलेलं बरं.

ब्रोकेडबद्दल जरा सावध करते. कॉर्सेटमध्ये स्टीलच्या पट्ट्या बसवायला ज्या नळ्या लागतात त्या मी हौसेने उरलेल्या ब्रोकेडच्या केल्या, दिसायला फार सुंदर झाल्या होत्या. तिसऱ्यांदा घातल्यावर डाव्या बाजूला काहीतरी टोचायला लागलं, उलटून बघितलं तर पट्टीचं टोक धागे बाजूला सारून बाहेर आलेलं. ब्रोकेडमध्ये नक्षीचे धागे मागे मोकळे तरंगत असतात, जोर आला की सरकतात. सगळ्या नळ्या उसवल्या आणि कुटिलच्या कात्रणांच्या नव्या केल्या, उभ्या धाग्यावर कापून. कुटिलची वीण घट्ट आणि तिरकी असते, ते कॉर्सेटसाठीच विणतात, अडीच-तीन सेंटीमीटरची पट्टीसुद्धा आता मी फेकत नाही. तेव्हापासून एकही टोक बाहेर आलेलं नाही.

मेल्टनच्या तुकड्यांचे स्पॅट्स झाले, म्हणजे बुटावर घालायची ती बटणांची घोट्यापर्यंतची झाकणं. मेल्टन धुऊन दाबून घट्ट केलेली लोकर, कडेने सुटत नाही, त्यामुळे दुमडायची गरज नाही, नुसती टीप मारली की झालं. एका जोडीला लहान लहान तुकडेच लागतात, बाहेरून मेल्टन, आतून अस्तराचं कात्रण, अजिबात काही विकत आणावं लागलं नाही. बुटाखालून जाणारा पट्टा मात्र मी आधी इलॅस्टिकचा केला होता आणि लिंकनच्या स्टीप हिलवर, म्हणजे कॅथेड्रलकडे जाणारा तो दगडी चढ, चढता-उतरता अर्ध्या दिवसात झिजून तुटला. घरी येऊन रेक्झिनची दुहेरी पट्टी लावली, दोन टोकांना बकल, आणि तेव्हापासून चार वेळा घातले, पट्टा शाबूत आहे. रेक्झिन हे नाव आपण घरी सोफ्याला आणि रिक्षाच्या सीटला वापरतो ना, ते मुळात इथलंच, मँचेस्टरजवळच्या हाइडमधल्या कंपनीचं, हे कळल्यावर मला फार मजा वाटली. रेक्झिनला टाचण्या लावायच्या नाहीत, भोक पडलं की कायमचं, क्लिपा लावायच्या आणि टाका मोठा ठेवायचा, नाहीतर जवळजवळच्या भोकांवरून ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

मखमलीचा सगळ्यात चांगला उपयोग कपड्यात नाहीच, इस्त्रीच्या टेबलावर आहे. मखमल इस्त्री करताना लव दबते, त्यासाठी मखमलीचाच तुकडा लव वर करून खाली पसरायचा, त्यावर कपडा पालथा घालायचा आणि वरून नुसती वाफ द्यायची. दुसरा तुकडा वेस्टकोटच्या घड्याळाच्या खिशात आतून लावला, काचेला ओरखडे येत नाहीत. आणि एकदम बारीक भुगा, जो खरंच कशालाच येत नाही, तो कात्रीने अजून बारीक करून इस्त्री करताना शिवणीखाली ठेवायची उशी भरली, एका बाजूला लोकर, दुसऱ्या बाजूला सुती कापड. घट्ट भरायला तीन संध्याकाळी गेल्या, सैल राहिली तर गाठी लागतात आणि त्या कपड्यावर उमटतात. पण कॉर्सेटच्या वळणाच्या शिवणी दाबायला आता तिच्याशिवाय बसवत नाही.

आता ज्यात माझा जीव अडकलाय ते. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात लोकांनी जपानी वस्तू बघितल्या, त्यातली वेडीवाकडी, असमान मांडणी आवडली आणि 1880च्या दशकात अमेरिकेत रेशीम-मखमलीच्या तुकड्यांची क्रेझी क्विल्ट करायची लाटच आली, सुती कापडावर कसेही आकार जोडायचे आणि प्रत्येक जोडावर रंगीत भरतकाम. म्हणजे ज्या काळाचे कपडे आपण शिवतोय त्याच काळातल्या बायका कात्रणं अशी वापरत होत्या! मग मी स्कर्टवर पुढून बांधायचा एप्रन तसा केला, जुन्या सुती चादरीवर टॅफेटा, ब्रोकेड, मखमल, आणि आईने पाठवलेली खणाची ब्लाउजची कात्रणं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, गर्द जांभळा, त्यावरचे बारीक ठिपके पितळी बटणांशेजारी असे काही खुलतात की बस. खणाचे धागे सुटतात म्हणून मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवलं. जोडांवर फेदर स्टिच, म्हणजे पिसासारखा दिसणारा टाका, काही ठिकाणी साधा साखळी टाका. अडीच महिने लागले, रोज रात्री अर्धा तास. वजन बरंच झालं, सुरुवातीच्या नाड्यांनी ते पेलवेना, कमरेला कुटिलचा पट्टा लावावा लागला. एका कोपऱ्यात आईच्या लग्नातल्या साडीच्या ब्लाउजचा बोटाएवढा तुकडा आहे, तो मी मुद्दाम हाताला लागेल असा ठेवला. आईला घालून दाखवलं तर ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मागनं दाखव. टाके मागनं बघायचे असतात." मागनं बघून म्हणाली, "छान आलंय."

बाकी किरकोळ. कापड चढवायची बटणं टॅफेट्याची छान होतात, 22 मिलिमीटरच्या बटणाला साधारण 4 सेंटीमीटरचं वर्तुळ लागतं, ब्रोकेड मात्र जाड, त्यावर बटणाची मागची टोपी बसतच नाही. टोपीवरची कापडी फुलं आणि गोंदाने चिकटवलेली चाकं मला नाही पटली, एका पावसात सगळी सुटली, चाकं लावायची तर शिवूनच लावा. सॅटिनचे चिंधोटे मी शेवटी कापड-रिसायकलिंगच्या पेटीत टाकले.

साडेतीन किलोपैकी आज घरात आठशे ग्रॅम उरलंय. त्यात मेल्टनचा एक बरा तुकडा आहे, 18 बाय 40 सेंटीमीटरचा, काठासकट. लेकीच्या कोटाची कॉलर आता गळ्याला घट्ट व्हायला लागलीये, त्यासाठी राखून ठेवलाय. चिठ्ठी टाचलेली आहे.