सेकंड हँड आय-वन डिस्प्ले प्रो : प्रिंटला काम देणाऱ्यांनी घ्यावा का?

सरळ मुद्द्यावर येतो. तुमचे फोटो इन्स्टावर जाऊन संपत असतील तर हा घेऊ नका, पैसे वाचवा. पण काम अल्बमला, कॅटलॉगला, ब्रोशरला जात असेल आणि दर वेळी प्रेसवाल्याच्या काउंटरवर उभं राहून "स्क्रीनवर तर मस्त दिसत होतं राव" म्हणायची वेळ येत असेल तर वाचा.

वस्तू म्हणजे एक्स-राइट कंपनीचा मॉनिटर कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून ते खरे करायला मदत करणारं यंत्र, २०११ ला आलेला. २०२१ पासून ही लाइन कॅलिब्राइट नावाने विकली जाते, नवीन शोधायचा तर त्या नावाने शोधा. मी जुना उचलला. जुना कॅलिब्रेटर घेऊ नये म्हणतात ते खोटं नाही, पण ते आधीच्या पिढीला लागू आहे, त्यांच्यातले फिल्टर काळाने आणि दमट हवेने उतरायचे आणि मग मोजणारं यंत्रच खोटं बोलायला लागायचं. ह्याच्यात काचेचे फिल्टर आहेत त्यामुळे ती भीती बरीच कमी.

हातात मावणारी डबी आहे. एक दुधी डिफ्युझर असतो, तो फिरवून मागे केला की आतली लेन्स दिसते आणि तिच्याभोवती स्पंज. वायरवर एक सरकणारं वजन आहे, ते लॅपटॉपच्या झाकणामागे सोडायचं म्हणजे डबी स्क्रीनवर लटकून राहते. झाकण जरा मागे कलवा, नाहीतर स्पंज आणि स्क्रीनमध्ये फट राहते आणि ट्यूबलाइटचा उजेड आत घुसतो. मग रंगाचे चौकोन एकामागून एक येत राहतात, डबी मोजत राहते आणि शेवटी आयसीसी प्रोफाइल तयार होतं, म्हणजे स्क्रीन (किंवा प्रिंटर-कागद) कुठला रंग कसा दाखवते त्याची नोंद असलेली फाइल. त्याआधी स्क्रीन अर्धा तास तापू द्या, नाइट लाइट बंद, ऑटो ब्राइटनेस बंद, हे विसरलात तर सगळं मुसळ केरात.

सॉफ्टवेअरला मी डिस्प्लेकॅल वापरतो, फुकट आहे, आर्गिल नावाच्या इंजिनावर चालतं. त्यात स्क्रीनचा प्रकार नीट निवडा, लॅपटॉपला बहुतेक व्हाइट एलईडी असतो. टार्गेट डी-६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ दिसाव्या ते) आणि ब्राइटनेस १०० कँडेला. खरा झटका इथे बसतो, कारण कंपनीतून येणारा मॉनिटर ह्याच्या दुप्पट-तिप्पट भगभगीत असू शकतो, आपण त्या उजेडात फोटो डार्क करत बसतो आणि प्रिंट काळी आली की शिव्या प्रेसवाल्याला. माझ्या मते अर्ध्याहून जास्त भांडणं रंगाची नसतातच, ब्राइटनेसची असतात. कॅलिब्रेट झाल्यावर स्क्रीन पिवळट आणि मंद वाटते, आमच्या घरी "बिघडवलास ना परत?" असं ऐकून झालंय, पण थोडे दिवस तशीच राहू द्या, डोळा बसतो आणि मग दुसऱ्याचा निळसर मॉनिटर बघवत नाही.

आता जे होत नाही ते. स्वस्त लॅपटॉपच्या पॅनलला जे रंग दाखवताच येत नाहीत ते कॅलिब्रेट करून येणार नाहीत. आणि ही डबी स्क्रीन मोजते, कागद नाही. प्रिंटरचं प्रोफाइल बनवायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, तो वेगळा आणि महाग.

माझं बरंचसं काम येवल्याच्या पैठण्यांचं. राणी कलर आणि भडक जांभळा ही आमची कायमची डोकेदुखी, कारण हे रंग स्क्रीनला जमतात पण छपाईच्या सीएमवायके म्हणजे निळी, गुलाबी, पिवळी, काळी ह्या चार शाईंत पूर्ण बसत नाहीत. जरीचा काठ फोटोत चमकतो, कागदावर साध्या टोनरने मोहरीच्या रंगाचा होतो, त्याला कॅलिब्रेटर काय करणार? गिऱ्हाईक ताई प्रूफ म्हणजे नमुना प्रिंट बघून म्हणाल्या, "दादा, ही आमची साडीच नाही." आता मी प्रेसकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागून घेतो, फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपला लावतो आणि कंट्रोल-वाय दाबून आधीच बघतो की जांभळा किती मरणार. ताईंनाही तीच स्क्रीन दाखवतो, म्हणजे वाद आधीच मिटतो. पण हे सॉफ्ट प्रूफ, म्हणजे स्क्रीनवरच बघितलेला प्रिंटचा नमुना, खरं कधी, तर स्क्रीन खरी असेल तेव्हाच, आणि तिथे ह्या डबीचे पैसे वसूल होतात.

प्रोफाइल मागितलं की आपल्याकडे निम्मे प्रेसवाले तोंडाकडे बघतात. एकाने तर "मशीनला असंच येतं" म्हणून विषय संपवला. ज्या नाशकात नोटा छापतात तिथे ही कथा! कॅनडा कॉर्नरपासून अंबडपर्यंत फिरलात तर मशीनवर रोज चार्ट काढून कॅलिब्रेट करणारे पण भेटतात, काम त्यांनाच द्या, चार पैसे जास्त गेले तरी. फोटो लॅबला मात्र फाइल एसआरजीबीमध्येच (बहुतेक स्क्रीन आणि लॅब धरून चालतात तो रंगांचा संच) पाठवा, त्याहून मोठ्या संचातली अ‍ॅडोबी आरजीबी पाठवलीत आणि लॅबने प्रोफाइलकडे बघितलंच नाही तर नवरी आजारी दिसते.

आणि प्रिंट दुकानातल्या स्वस्त एलईडीखाली पास करू नका, तिथे जुळलेला रंग बाहेर उन्हात वेगळाच निघतो. प्रिंट बघायचं स्टँडर्ड डी-५० उजेडाचं (डी-६५ पेक्षा जरा पिवळट पांढरा) आहे, तसा दिवा नसेल तर दिवसा दारात येऊन बघा, थेट उन्हात नाही.

जुना घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, दिसायला अगदी असाच कलरमंकी डिस्प्ले नावाचा ह्याचा धाकटा भाऊ आहे, तो हळू मोजतो आणि कंपनीच्या आय-वन प्रोफायलर सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही, विकणारे बिनधास्त त्याला प्रो म्हणून खपवतात. खालचं लेबल वाचा आणि पैसे द्यायच्या आधी समोर एक पूर्ण कॅलिब्रेशन करायला लावा.