अकरावीला मॅथ्स की एसपी? साडेचार हजारांच्या काउन्सेलिंगचा रिव्ह्यू (पुणे)

आधीच सांगते, नाव टाकणार नाहीये, कारण निम्मा अनुभव चांगला आहे आणि निम्मा डोक्यात जाणारा. ज्यांची मुलं यंदा दहावीला आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आमची लेक एसएससी बोर्डाची, कॉमर्स घ्यायचं हे तिचं नववीपासूनच पक्कं होतं, भांडण फक्त एकाच गोष्टीवर, अकरावीला मॅथ्स घ्यायचं की त्याऐवजी एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. ह्यांचं म्हणणं गणित सोडलं की दारं बंद, लेकीचं म्हणणं गणित घेतलं की दोन वर्षं रडायचं, आणि मी मधे. शेवटी सोसायटीतल्या एका काकूंनी ह्या काउन्सेलिंगवाल्यांचा नंबर दिला. फी साडेचार हजार, त्यात ॲप्टिट्यूड टेस्ट, रिपोर्ट आणि एक सिटिंग. वर अजून पैसे दिले तर बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगतो म्हणे! ते मी तिथल्या तिथे नको म्हटलं, त्यापेक्षा आमचे गुरुजी पत्रिका फुकट बघतात.

टेस्ट कॉम्प्युटरवर, दीड तास. चार दिवसांनी रंगीत आलेख, चकाकत्या कागदाचा ३२ पानी रिपोर्ट आला, आणि त्यात काय तर न्यूमरिकल एबिलिटी मध्यम, म्हणून मॅथ्सऐवजी एसपी घ्यावं. पुढच्याच पानावर करिअर नंबर एक कोणतं, तर सीए! आता सीएला बारावीचं मॅथ्स लागतंच असं नाही हे खरं आहे, पण फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा, तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा असतो, १०० मार्कांचा, त्यात ४० बिझनेस मॅथ्स आणि ४० स्टॅटिस्टिक्स, वर चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. म्हणजे गणित सोड आणि मग गणिताच्याच पेपरला बस. हे मी रिसेप्शनवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला सिस्टीम जनरेटेड आहे मॅम. बरं.

पण सिटिंगला ज्या मॅडम होत्या ना, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. त्यांनी रिपोर्ट उघडला सुद्धा नाही, पहिलाच प्रश्न, प्रिलिमच्या उत्तरपत्रिका आणल्यात का? नशिबाने पिशवीत होत्या. भाग एक बीजगणित ४० पैकी ३१, भाग दोन भूमिती ४० पैकी १९. मग पान उलटत उलटत लेकीलाच विचारत गेल्या, इथे मार्क का गेले, इथे का गेले. समरूपता, वर्तुळाची प्रमेयं, रचना, सगळी गळती तिकडे. वर्गसमीकरणं, संभाव्यता जवळजवळ पूर्ण, आणि अर्थनियोजन म्हणजे ते जीएसटी आणि शेअर्सचं प्रकरण, त्यात एकही मार्क गेलेला नाही.

मग त्यांनी अकरावी-बारावीच्या कॉमर्स मॅथ्सची पुस्तकं टेबलावर ठेवली आणि अनुक्रमणिका लेकीकडूनच मोठ्यांदा वाचून घेतली. बारावीला मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, आणि दुसऱ्या भागात कमिशन-ब्रोकरेज, इन्शुरन्स, इंडेक्स नंबर, लिनिअर प्रोग्रॅमिंग. प्रमेय सिद्ध करा प्रकार नाहीच, भूमितीच्या नावाने अकरावीला लोकस आणि सरळ रेषेचा एक धडा. पोरगी म्हणाली, "मग मला ज्याची भीती वाटते ते यात आहेच कुठे?" मला तर हे माहीतच नव्हतं, मी स्वतः एसपीवाली, आमच्या वेळी मॅथ्स म्हणजे हुशार मुलांचं एवढंच ऐकलेलं.

मॅडमनी गोड गोड पण नाही सांगितलं हां. डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन पूर्ण नवीन आहे, रोज तासभर वही घेऊन बसायची तयारी नसेल तर एसपी घे, त्यात कमीपणा नाही, उद्या सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी करायचं म्हटलंस तर कंपन्यांचं कामकाज तिथेच कळतं, असं सरळ म्हणाल्या. पण दिल्ली युनिव्हर्सिटीचं इकॉनॉमिक्स ऑनर्स किंवा आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.स्टॅट. म्हणजे स्टॅटिस्टिक्सची डिग्री असलं काही मनात आलं तर बारावीला गणित हवंच, नंतर मागे येता येत नाही. आणि एक कामाची गोष्ट, कॉलेजचे पसंतीक्रम भरायच्या आधी तिथे कॉमर्सला मॅथ्सची तुकडी आहे का ते फोन करून विचारा. आम्ही विचारलं, यादीतल्या एका कॉलेजात नव्हतीच.

लेकीने मॅथ्स घेतलंय. पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी १४, म्हणजे फार काही नाही, पण रडली नाही.

तर रेटिंग, मॅडमना पाच पैकी पाच, रिपोर्टला एक, तोही बाइंडिंगसाठी. टेस्ट न देता नुसतं सिटिंग मिळतं का विचारून बघा, मला नंतर कळलं की पंधराशेत देतात, पण आपणहून सांगत नाहीत. उत्तरपत्रिका न विसरता न्या. आणि फॉर्मवर घरातल्या कुणाचा तरी जुना नंबर द्या, मला अजून दर शनिवारी दुपारी झोपेच्या वेळी त्यांच्या सीए फाउंडेशनच्या बॅचसाठी फोन येतो.